रत्नाचा डावा कान

एका बाईचा एकच कान सहा महिन्यांत तीनदा टोचावा लागला, असं भोर तालुक्यात कुणी ऐकलं नसेल. रत्नाच्या नशिबी ते आलं, आणि त्यात नशिबापेक्षा तिचाच हात जास्त होता.

वैशाखातला बाजाराचा दिवस होता. आंबवड्याच्या पुढच्या वाडीतून सकाळच्या एसटीनं ती आणि तिचा नवरा हनुमंत भोरला उतरले. स्टँडपासून दोन गल्ल्या सोडून, औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्याला तो कान-नाक टोचायचा स्टुडिओ होता. पाटीवर एक भलामोठा कान काढलेला, आणि त्याला वरपासून खालपर्यंत सात ठिकाणी चमकते खडे. हनुमंतानं पाटीकडं पाहिलंही नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन तो बाकड्यावर बसला.

"जा. अर्ध्या तासात ये," तो म्हणाला. "बायकांच्या दुकानात माझं काय काम?"

आधी दोन्ही वेळा तो हेच म्हणाला होता. रत्नानं पदर सावरला आणि ती जिना चढायला लागली. बावीस पायऱ्या होत्या. दम लागला तरी ती थांबत नव्हती, कारण वर तिची लेक होती, आणि ही गोष्ट खाली बसलेल्या माणसाला कळू द्यायची नव्हती.

ह्या लेकीनंच हा कान फाडला होता, हे आधी सांगायला हवं. शिवानी तेव्हा आठ महिन्यांची होती. रत्ना तिला कडेवर घेऊन भावकीतल्या हळदीला गेली होती, कानात माहेरचे सोन्याचे झुबे. पोरीला झुबा लुकलुकताना दिसला, तिनं तो मुठीत धरला आणि असा हिसका दिला की डाव्या कानाची पाळी उभी चिरली. पोरीचं झबलं रक्तानं भिजलं. रत्ना रडली नाही, आपण रडलो तर पोर भेदरेल म्हणून. तेव्हापासून बावीस वर्षं तो कान रिकामा. लग्नकार्य असलं की डावा झुबा काळ्या दोऱ्यानं कानाला बांधायचा आणि पदर पुढं ओढून घ्यायचा. "अगं, दुसऱ्या जागी टोचून घे की," असं कुणी म्हणालं, तर ती म्हणायची, "असू दे. लेकीची खूण हाय."

मग एक दिवस लेकच गेली, आणि खूण तेवढी राहिली.

गेली म्हणजे पळून गेली. हनुमंताची आई तो चार वर्षांचा असताना वारली, तेव्हा त्याची थोरली बहीण सगुणाबाई हिनं त्याला वाढवलं. त्यासाठी स्वतःचं लग्न मागं ढकललं. भोंगवलीला दिलेल्या ह्या बहिणीचा मुलगा पप्पू आणि शिवानी, यांचं लग्न पोरं पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. मामाची पोरगी, दुसरीकडं कुठं जाणार? शिवानीला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं, हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. सुपारी फुटायला आठ दिवस उरले असताना तिनं वेल्ह्याच्या सार्थकशी लग्न लावलं. सार्थक दुधाचा टेम्पो चालवायचा. जात आपलीच, पोरगा सुपारीच्या खांडालाही न शिवणारा. नाव ठेवायला कुठं जागाच नव्हती, आणि हनुमंताला तेच जड गेलं. पोरगा वाया गेलेला असता तर निदान शिव्या घालून मन मोकळं करता आलं असतं.

तो भोंगवलीला गेला. सगुणाबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिनं आरडाओरडा केला नाही. "हनुमंता, तुला म्या लेकरावानी वाढवला," एवढंच म्हणाली आणि पुन्हा खाली बघून निवडायला लागली. हनुमंतानं तिथंच तिच्या पायाला हात लावून शपथ घेतली. ती पोरगी माझ्या दारात येनार न्हाई, आन माझ्या घरचं कुणी तिच्या दारात जानार न्हाई. ह्याला दीड वर्ष झालं. मोबाईल घरात एकच, तो त्याच्या खिशात. वाडीत कुणी शिवानीचं नाव काढलं तर तो उठून गोठ्यात जायचा.

रत्नानं दीड वर्षात नवऱ्याशी ह्यावर एकदाही भांडण केलं नाही. भांडून काय होणार होतं? शपथ काही तिच्या पायाची नव्हती.

दिवाळीच्या आधी शेजारीण बाजाराहून आली आणि चुलीपाशी बसून हळूच म्हणाली, "तुजी शिवानी भोरात दिसली गं. कान टोचायच्या दुकानात कामाला हाय. तोंडाला फडकं व्हतं, पर डोळं काय लपत्यात व्हय?" त्या संध्याकाळी रत्नाची भाकरी करपली. भाकरी करपता करपता तिला एक गोष्ट सुचली. शपथ दाराची होती. दुकान काही तिचं दार नव्हे.

आता कारण पाहिजे होतं. ते सगुणाबाईनंच पुरवलं. पप्पूचं दुसरीकडं जमलं, वैशाखातली तिथी निघाली. रत्ना नवऱ्याला म्हणाली, "वन्संच्या घरचं कार्य. तितं म्या कानाला दोरा बांधून उभी ऱ्हाऊ व्हय? लोकं तुमालाच हसतील." हनुमंत म्हणाला, "मग सोनाराकडं टोच." ती तयारच होती. भोरातल्या म्हाताऱ्या केशव सोनारानं कान दोन बोटांत धरून पाहिला आणि हात मागं घेतला. "वहिनी, ही पाळी फाटलेली आहे. माझी नजर आता तेवढी राहिली नाही. तिकडं स्टुडिओत जा, ती नवी मुलगी हलक्या हाताची आहे." कान सोनारानंच टोचावेत म्हणतात, आणि इथं सोनारच अंग काढून घेत होता. रत्नानं मनातल्या मनात त्याला आशीर्वाद दिला.

पहिल्या वेळी पडदा सरकवून ती आत गेली तेव्हा शिवानीच्या हातातून चिमटा खाली पडला. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. बाहेर काउंटरवर मालकीण होती, मैथिली नावाची भोरातलीच शिकलेली पोरगी. भोंगवलीच्या पोरीबाळी इथं यायच्या. उद्या हे सगुणाबाईच्या कानावर जायला वेळ लागला नसता. शिवानीनं चिमटा उचलून बाजूला टाकला, दुसरा घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "बसा मावशी." मग वाकून अगदी कानाशी म्हणाली, "आई."

त्या दिवशी पंधरा मिनिटांत त्यांनी वर्षभराचं बोलून घेतलं. अर्जावर घरच्या माणसाचा फोन नंबर लिहायचा होता. रत्नाला तो पाठ नव्हता. शिवानीनं न विचारता बापाचा नंबर लिहून टाकला. मग स्पिरिटचा बोळा, पेननं ठिपका, हातात आरसा, "इथं चालेल?", आणि सुई. बंदूक नाही वापरत आम्ही, सुईनं जखम नीट भरते, असं ती सांगत होती. रत्ना ऐकत नव्हती. तोंडावरच्या फडक्याच्या वर लेकीच्या भुवया किती बारीक झाल्यात, ते बघत होती.

"मिठाच्या पाण्यानं दोनदा धुवायचं. तेल-हळद लावायची नाही, आई, ऐकतेस का? आणि टॉप्स काढायचा नाही, काढला की भोक बुजतं. सहा आठवड्यांनी दाखवायला यायचं."

सहा आठवड्यांनी यायचं, एवढं मात्र रत्नानं ऐकलं. पण सहा आठवडे झाले तेव्हा हनुमंत म्हणाला, "दाखवायला काय जायचं? मोडलेलं हाड हाय का ते?" दुसऱ्या दिवशी न्हाणीत रत्नानं तो टॉप्स फिरवून फिरवून काढला आणि मसाल्याच्या डब्यात जिऱ्याच्या वाटीत लपवला. पंधरा दिवसांनी नवऱ्याला कान दाखवला.

"बुजलं की हो!"

"आँ? मग?"

"मग काय. वैशाखात लगीन हाय न्हवं."

संक्रांतीनंतर हनुमंतानं तिला पुन्हा नेलं. त्या वेळी शिवानीनं तिला फोनवर सार्थकचा फोटो दाखवला, भाड्याच्या खोलीतला ओटा दाखवला, ओट्यावर मांडलेले पाच डबे दाखवले. आणि रत्नानं घरी आल्यावर काही दिवसांनी तेच केलं: टॉप्स काढला, जिऱ्यात लपवला. एकदा शोधायला गेली तर तो जिऱ्यात नव्हता, मोहरीत सापडला. आपणच घाईत ठेवला असेल, असं ती समजली. मनावर एवढं ओझं असलं की हाताचा भरवसा राहत नाही.

तर अशी ती आता तिसऱ्यांदा आली होती. लग्न पंचवीस दिवसांवर होतं.

"काकू, परत?" मैथिलीनं काउंटरवरून विचारलं.

"बुजलं गं बाई."

"पण टॉप्स काढला कुणी?"

"झोपंत पडला आसंल."

"त्याला आटे असतात, काकू. झोपेत कसा पडेल?"

रत्ना पायाच्या अंगठ्याकडं बघत उभी राहिली, शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरीसारखी. मैथिलीला काय वाटलं कोण जाणे, तिनं जास्त ताणलं नाही. अर्ज पुढं केला आणि पडद्याकडं हात दाखवला.

आत शिवानी स्टुलावर बसलेली होती. आईला बघून ती उठली, आणि उठताना तिनं एका हातानं टेबलाची कड धरली, दुसरा हात कमरेवर ठेवला. निळा ॲप्रन ढगळ होता, पण बाईचं उठणं बाईला कळतं. रत्ना खुर्चीत बसली नाही. तिथंच उभी राहून विचारलं, "कितवा?"

"सहावा लागला."

"मागल्या खेपेला का न्हाई बोललीस?"

"बोलून काय झालं असतं? तू कुणाला सांगणार होतीस?"

खरं होतं. रत्ना खुर्चीत बसली. लेक पहिलटकरीण, आणि आईला सहाव्या महिन्यात कळतंय, तेही पडद्याआड, दबक्या आवाजात. डोहाळे कधी लागले, कोणी पुरवले, काही माहीत नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"काय खावंसं वाटतंय?"

"करवंदं," शिवानी म्हणाली आणि हसली. "आपल्या मागच्या डोंगराची. इथं बाजारात द्रोण मिळतात, पण ती आंबट नसतात, नुसती गोड. मला ती कच्ची पाहिजेत, मीठ लावून."

घरामागच्या जाळ्या करवंदांनी लगडल्या होत्या. परवाच रत्नानं त्यातली ओंजळभर गुराख्यांच्या पोरांना काढून दिली होती. आज ती रिकाम्या हातानं आली होती. पिशवी घेतली असती तर हनुमंतानं विचारलं असतं, कान टोचायला पिशवी कशाला.

शिवानीनं हातमोजे चढवले, बोळा भिजवला, कानाची पाळी पुसली. गार लागलं. ती बराच वेळ पाळी बोटांत धरून चाचपत राहिली. मग काम करता करता बोलावं तसं म्हणाली, "आई, सातव्यात नेतात ना गं माहेरी?"

रत्नानं पडद्याकडं पाहिलं.

"सार्थकची आई विचारत होती. चांगल्या मनानंच विचारत होती. म्हणाली, पहिलं बाळंतपण आईकडं असतं, तुझ्याकडून कुणी न्यायला येणार असेल तर तसं सांग. नाहीतर मला तिकडं वेल्ह्याला वरच्या वस्तीवर घेऊन जातील. सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसतं. दवाखान्यात जायचं तर आधी अर्धा तास चालत खाली यायला लागतं, आणि तेव्हा तर श्रावण असेल." तिनं बोळा डब्यात टाकला. "मी म्हटलं, आईला विचारून सांगते. मग काय सांगू?"

"म्या बगते."

"काय बघतेस?"

"बगते म्हनलं ना."

दोघींनाही कळलं की ह्या बोलण्यात काही नाही. रत्नाच्या हातात होतं काय? घर हनुमंताचं, शपथ हनुमंताची, एसटीच्या तिकिटाला पैसेसुद्धा त्यानं काढून द्यायचे. तिच्या मालकीचा एक डावा कान होता, तो दोनदा वापरून झाला होता.

शिवानीनं आरसा तिच्या हातात दिला आणि मागं दुसरा आरसा धरला. "बघ. ही मी फाडलेली चीर. ही पहिली गाठ, ही दुसरी. दोन्ही कडक झाल्यात, त्यातून सुई जाणार नाही. आता एवढीशी जागा राहिली, हरभऱ्याच्या डाळीएवढी." तिचा आवाज घट्ट झाला. "मला काय कळत नाही होय? आटे फिरवून काढतेस तू."

"मग कशी येऊ?" रत्नाचा आवाज चढला आणि तिनंच पदर तोंडावर धरला. मग हळू म्हणाली, "सांग, कशी येऊ म्या?"

शिवानीनं पेननं ठिपका काढला, पुसला, पुन्हा काढला. "इथं टोचते. पण ही शेवटची. हे बुजलं तर ह्या कानाला कुणी हात लावणार नाही. मी पण नाही. पाळी लोंबून तुटेल, आई. लग्नात झुबा घालायचा ना तुला? मग हे नीट ठेव."

"ठेवते."

"माझी शपथ?"

"शपता नगं बाई आता," रत्ना म्हणाली. "एकीनंच पुरं झालंय."

"श्वास घे. आता सोड."

सुई आरपार गेली. कळ कानातून मानेत उतरली. रत्ना हलली नाही. टॉप्स बसवायला शिवानी आणखी जवळ वाकली, आणि तिचं पोट रत्नाच्या कोपराला टेकलं. गरम होतं. रत्नानं कोपर तसाच ठेवला. आटे फिरवायला जरा जास्तच वेळ लागत होता, आणि ते फिरवणारीला त्याची घाई नव्हती. फडक्याच्या वरच्या कडेला ओलं दिसत होतं.

"शिवानी," बाहेरून मैथिलीनं हाक मारली, "पुढच्या आल्यात."

"झालं, मावशी," शिवानी मोठ्यानं म्हणाली, आणि कोपरापासून पोट दूर झालं.

रत्ना जिना उतरली तेव्हा हनुमंत टपरीच्या त्याच बाकड्यावर होता. शेजारी दोन रिकामे ग्लास. तो उठला, काही न विचारता स्टँडकडं चालायला लागला. ती मागून. कान ठणकत होता. चालता चालता ती मनाशी वाक्यं जुळवत होती. आता बोलायलाच पाहिजे. ह्या माणसाला काही ठाऊक नाही, म्हणून तो असा दगडासारखा आहे. लेक समोरच्या जिन्यावर चढते-उतरते, पोटुशी आहे, हे एकदा कळलं की तो विरघळेल. किती झालं तरी बाप आहे. तिला आठवत होतं, शिवानी तापात असताना त्यानंच तिला खांद्यावर टाकून आंबवड्यापर्यंत आणलं होतं, पळत. ह्या एका भरवशावर रत्नानं दीड वर्ष काढलं होतं: अजून त्याला सांगितलेलं नाही. सांगायचं राहिलंय, म्हणजे अजून सगळं हातात आहे.

फलाटावर सिमेंटच्या बाकावर दोघं बसले. आंबवड्याच्या गाडीला वेळ होता. रत्नानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि तोंड उघडलं.

पण हनुमंतच आधी बोलला. समोरच्या गाडीच्या चाकाकडं बघत.

"ह्या खेपेला जिऱ्यात ठेवू नगं."

"काय?"

"टॉप्स. मागल्या डावाला आमटीत आला. दातच जायचा." त्यानं टोपी सारखी केली. "म्या धुऊन पुन्ना डब्यात टाकला. मोहरीत पडला वाटतं."

रत्ना त्याच्याकडं बघतच राहिली. तो अजून चाकाकडंच बघत होता.

"तुमाला ठावं व्हतं?"

"टपरीवरनं जिना दिसतो."

"कवापास्नं?"

"पैल्यापास्नं." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "एकदोनदा खताच्या पायी एकला आल्तो, तवा बी बसलो व्हतो. दहाला येती ती. येताना पानी भरून आनती बाटलीत."

"आवो, मग..." ती जवळ सरकली. "तिला दिस गेल्यात."

"व्हय," हनुमंत म्हणाला. "म्हयना झाला, कठड्याला धरून चढती. बावीस पायऱ्या हायेत. मदी दोनदा थांबती."

त्यानं पायऱ्या मोजल्या होत्या. खाली बसून, चहाचे दोन ग्लास पिऊन, एकही न चढता.

रत्नानं त्याचा दंड धरला. फलाटावर माणसं होती, बाया होत्या, तिनं असं कधी केलं नव्हतं. "मग आनू या की तिला. सातव्यात आनत्यात. सासू अधू हाय तिची, कुनी न्हाई बगायला. वन्संच्या पोराचं बी आता लगीन हुतंय, त्यांचा राग कशापायी ऱ्हाईल? तुमी नुस्तं व्हय म्हना. म्या जाते, म्या आनते."

हनुमंतानं दंड सोडवून घेतला नाही. टोपीची कड तो दोन बोटांत चुरत होता. मग म्हणाला, "आक्काच्या पायाला हात लावलाय म्या."

आवाजात राग नव्हता. राग असता तर रत्ना त्याच्याशी भांडली असती. तो एखाद्या अडलेल्या माणसासारखा बोलला, मोडलेल्या पुलाच्या अलीकडं उभं राहून पलीकडचं घर दाखवावं तसा. तेव्हा रत्नाला कळून चुकलं. ह्याला कळल्यावर हा विरघळेल, असं ती धरून चालली होती. आणि ह्याला पहिल्यापासून कळलेलं होतं. कळून, विरघळून, ह्याच्याकडून जेवढं होण्यासारखं होतं तेवढं ह्यानं केलंही होतं. बायकोला दोनदा, तीनदा भोरला आणलं, समोर बसून राहिला, आमटीतला टॉप्स धुऊन परत डब्यात टाकला. ह्याच्यापुढं आता सांगायचं काही उरलं नव्हतं. दीड वर्ष सांभाळून ठेवलेला एक शब्द होता, तो आधीच खर्च झालेला निघाला.

तिनं त्याचा दंड सोडला.

"ह्यो किती दिसांत बुजंल?" हनुमंतानं विचारलं. आज पहिल्यांदाच त्यानं मान वळवून तिच्या कानाकडं पाहिलं. लाल झालेल्या पाळीत बारीक टॉप्स चमकत होता. "म्हंजे मग श्रावणाच्या आत यकदा..."

"न्हाई बुजू द्यायचा," रत्ना म्हणाली. "जागा संपली म्हनली. ह्यो बुजला तर पुन्ना ह्या कानाला हात लावनार न्हाई."

आंबवड्याची गाडी फलाटाला लागली. माणसं दाराशी धावली, कुणी खिडकीतून रुमाल टाकला, कुणी पिशवी. बाजाराच्या दिवशी जागा धरायला हनुमंत नेहमी पुढं असायचा. तो उठला नाही. कंडक्टरनं दार बडवून "आंबवडेऽ" म्हणून ओरडा केला तरी तो टोपी हातात घेऊन बसून राहिला. मग त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि जणू काही मोठी वाट सापडली आहे, अशा आशेनं हळूच म्हणाला,

"दुसरा कान हाय की."

रत्नाचा हात आपोआप उजव्या कानाकडं गेला. त्यात सोन्याचं फूल होतं. ती बाळ असताना माहेरच्या सोनारानं तिला मामाच्या मांडीवर बसवून टोचला होता तो कान. तिनं फुलामागची फिरकी चिमटीत धरली आणि सैल करायला लागली. पंचेचाळीस वर्षांचं भोक बुजत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी ती फिरकी फिरवत राहिली.